फोन रेंजमध्ये येण्याआधी

सलिमा शिकलगार एका जागी शांत बसलेली कुणी पाहिली नाही. मिरजेहून सकाळच्या एसटीनं ती कारखान्यावर यायची, ती घराचं कुलूप दोनदा ओढून आणि गॅस बंद केलाय का ते बघायला जिन्यावरून एकदा परत फिरूनच. नवरा फारूक म्हणायचा, गॅसला तोंड असतं तर त्यानंच सांगितलं असतं, बंद आहे बाई, जा आता.

असल्या बाईच्या हाती नदीकाठच्या त्या साखर कारखान्यानं एकशे चाळीस फोन सोपवले. फोन होते चिटबॉय लोकांचे. नावातच बॉय, बाकी त्यातले निम्मे नातवंडं झालेले. त्यांनी उसाच्या शेतात उभं राहायचं आणि फोनवर नोंद करायची, शेतकरी कोण, क्षेत्र किती, उसाची लागण कधीची. त्या नोंदीवर ऊसतोडीची पाळी ठरते आणि पाळीवर घराचं वर्ष ठरतं. पाळी लांबली की ऊस एप्रिलच्या उन्हात वाळत उभा राहतो आणि काट्यावर त्याचं वजन भरत नाही.

सलिमानं त्या फोनांना चोहोबाजूंनी कुंपण घातलं होतं. दोन ठिकाणी नोंद नको म्हणून चिटबॉयच्या जुन्या खिसावह्या गोळा करून तिनं कपाटात बंद केल्या. पोरंबाळं व्हिडिओ बघून डेटा संपवतात म्हणून नोंदी फक्त त्या त्या भागातल्या गट ऑफिसच्या वायफायवरून पाठवायच्या असं ठरवलं. नातेवाइकांशी गप्पा होतात म्हणून बाहेरचे कॉलही बंद केले. चिटबॉय कुरकुरले, पण तिच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

नोंदीचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला यंत्रणा बंद होणार होती आणि त्यानंतर आलेली प्रत्येक नोंद उशिराची, म्हणजे पाळी सगळ्यांच्या मागं. दुपारी बाराच्या सुमारास चिटबॉय भाऊसो तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. छप्पन्न वर्षांचे, कारखान्यात तीस वर्षं काढलेले, आणि तोंड उतरलेलं. सकाळी नदीकाठच्या रानात वाकून बांध बघताना वरच्या खिशातला फोन कुठंतरी पडला होता. आत तीन दिवसांच्या एकोणचाळीस नोंदी होत्या. गट ऑफिसची लाईट तीन दिवस नव्हती, त्यामुळं त्यातली एकही कारखान्यात पोचली नव्हती.

कॉम्प्युटरवर त्या फोनचा ठिपका सकाळी नऊला कालव्याच्या पुलावर दिसून तिथंच थांबला होता. पुलाच्या पलीकडं, खालच्या रानात, रेंजच नाही. लोक शोधताहेत, चारपर्यंत वाट बघू, असं भाऊसो म्हणाले आणि तिनंही मान हलवली. मग तिनं सहज विचारलं की फोन उघडायला नंबर कोणता ठेवलाय.

"सोप्पा हाय, मॅडम. आठ सहा शून्य तीन दोन."

म्हणजे ८६०३२. या भागात दर दुसऱ्या शेतात उभ्या असलेल्या उसाच्या जातीचा नंबर, शेंबड्या पोरालाही पाठ. सलिमानं दुसऱ्या गटातल्या दोघा-तिघांना फोन लावले. सगळ्यांनी तोच नंबर सांगितला आणि तोही न विचारता, हसत, मोठ्यानं. फोन वाटताना तीच म्हणाली होती, विसरणार नाही असे पाच आकडे ठेवा. विसरणार नाहीत असे पाच आकडे इथं दुसरे कुठले असणार, हे मिरजेच्या पोरीच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता तिचा जीव थाऱ्यावर राहीना. कुणीही तो फोन उघडेल, स्वतःची लागण महिनाभर मागं नेईल, शेजाऱ्याची पुढं ढकलेल. ती पाणी प्यायला उठली, न पिताच परतली. ठिपका बघितला, पुन्हा बघितला. चार वाजायला अजून दोन तास होते आणि थांबणं तिला जन्मात कधी जमलं नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी तिनं त्या फोनमधलं सगळं पुसून टाकायचा आदेश सोडला. पडद्यावर उमटलं, आदेश प्रलंबित. फोन रेंजमध्ये आला की आधी हा आदेश चालणार, बाकी सगळं नंतर.

आदेश सोडल्यावर तरी शांत वाटायला हवं होतं. उलट ती उठली आणि भाऊसोंना म्हणाली, चला, मीही शोधायला येते. त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसून, पिशवीत स्वतःचा ऑफिसचा फोन घेऊन, ती तासाभराच्या वाटेवरच्या त्या रानाकडं निघाली.

पूल ओलांडून ते खालच्या वस्तीवर पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. पहिल्याच दारात एका सुनेनं हसत सांगितलं की फोन सापडलाय. तिच्या सासूला, राहीबाईला, सकाळीच सरीत सापडला. उसाच्या जातीचा तोच नंबर दाबून म्हातारीनं तो उघडला, चार ठिकाणी फोन लावून बघितले, पण एक तर तिथं रेंज नाही, त्यात मॅडमनी बाहेरचे कॉल बंद केलेले. दिवसभर तिनं तो दुरडीत फडक्यावर जपून ठेवला. कुणी येईना, तेव्हा आत्ता अर्ध्या तासापूर्वी ती स्वतःच गट ऑफिसात द्यायला चालत निघाली, बांधावरच्या जवळच्या वाटेनं.

पुलाकडं. रेंजकडं.

आदेश मागं घेता येत होता, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच. मोटरसायकल वळेवळेपर्यंत ती धावत उंचवट्यावर गेली, तिथं जेमतेम एक काडी रेंज आली आणि तिनं ऑफिसातल्या विश्वजीतला फोन लावला. पासवर्ड आईलासुद्धा सांगायचा नाही असं सगळ्यांना बजावणारी सलिमा भर रानात स्वतःचा पासवर्ड ओरडून सांगू लागली. चांगला लांबलचक होता, अक्षरं, आकडे, चिन्हं. त्यातलं एक चिन्ह कीबोर्डावर कुठं असतं तेच विश्वजीतला सापडेना. तीनदा चुकलं आणि खातं अर्ध्या तासासाठी बंद झालं. तीनदा चुकलं की बंद, हा नियमही तिचाच.

भाऊसोंनी गाडी जमेल तेवढी पिटाळली. राहीबाई कालव्याच्या पुलावर कठड्याला टेकून बसली होती, दम खात. फोन मांडीवर होता. त्याचा पडदा पांढराशुभ्र झाला होता आणि त्यावर एकच ओळ होती, भाषा निवडा.

"मी कायबी केलं न्हाई," ती उठत म्हणाली. "हितं बसले आन् आपलं आपण पुसलं सगळं. लेका भाऊसो, माज्या हातनं बिगडला का रं?"

भाऊसो सलिमाकडं न बघता म्हणाले, "असू दे, मावशी. हुतं असं कवातरी."

ते सलिमाला वाचवत होते. आणि पुढच्या हंगामात एकोणचाळीस घरं म्हणणार होती, राहीनं फोन हाताळला आणि आमची पाळी गेली. सलिमाला क्षणभर गप्प बसावंसं वाटलं, तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, तुम्ही नाही बिघडवला," ती म्हणाली. "मी पुसलाय. ऑफिसात बसून. तुमच्या हातात तो नीट होता."

फोनमध्ये म्हातारीची स्वतःचीही नोंद होती, एका एकराची. सलिमानं भाऊसोंना विचारलं की नावं, तारखा कुठं टिपल्यात का. ते तिरसटपणे नाही बोलले, जे होतं तेच बोलले.

"वह्या तुमीच गोळा केल्यासा की, मॅडम."

सहाला पावणेदोन तास होते. सलिमाचा फोन थेट रेंजवरून नोंद पाठवू शकत होता, पण नोंदीबरोबर जागाही टिपली जायची, त्यामुळं प्रत्येक शेतात उभं राहावं लागणार होतं. कुणाची लागण कुठल्या दिवशी झाली हे राहीबाईला पाठ होतं, कारण बहुतेक ठिकाणी ती कांड्या लावायला मजुरीनं गेली होती. ती गाडीवर बसायला तयार नव्हती, तेव्हा तिघं चालतच निघाली. ती पुढं, पदर खोचून, तारखा सांगत. आधी वरची रानं घेऊ, तिथं रेंज हाय, हे तीच म्हणाली. सलिमा जवळजवळ पळत होती, ठेचकाळत होती, आकडे भरत होती. अकरा नोंदी गेल्या. बारावी म्हातारीची स्वतःची होती, अगदी खाली, नदीच्या कडेला. ती भरली तेव्हा सहाला अकरा मिनिटं होती आणि फोनवर एकही काडी नव्हती.

सलिमा चप्पल हातात घेऊन पुलाकडं पळाली. आयुष्यभर विनाकारण धावलेल्या त्या बाईला त्या दिवशी खरं कारण होतं आणि पाय साथ देईनात. पुलावर रेंज आली, नोंद गेली. उत्तर आलं ते सहा वाजून दोन मिनिटांचं. उशिराची नोंद.

त्याच रात्री तिनं अहवालात दोष कुणाचा या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. वरिष्ठांनी तिला फोनच्या कामातून काढलं नाही, पगारवाढ तेवढी अडवली. उरलेल्या नोंदी उशिराच्याच राहिल्या, त्या वेळेत धराव्यात म्हणून तिनं वरिष्ठांकडं घातलेल्या खेपा फुकट गेल्या. आता प्रत्येक फोनच्या बंद पडद्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, सापडल्यास या नंबरावर कळवा. नंबर तिचा आहे. वह्या तिनं ज्याच्या त्याला परत दिल्या.

एप्रिलमध्ये एका रविवारी ती कुणाला न सांगता नदीकाठी गेली. आजूबाजूची रानं मोकळी झाली होती आणि मधे राहीबाईचा एकर उभा होता, पाचट वाजत होतं. म्हातारी बांधावर होती. तिनं सलिमाला ओळखलं, पाणी दिलं आणि तक्रारीचा एक शब्द काढला नाही. सलिमानं तांब्या रिकामा केला आणि पहिल्यांदाच, ऊसतोड मजुरांची टोळी येईपर्यंत, तास दीड तास ती तिथं एका जागी बसून राहिली.