शोभाचा खवा आणि माझा तीन भिंगांचा फोन

माझ्या धाकट्या जावेचा खवा पुण्याच्या निवड समितीला भिंतीच्या चुन्यासारखा दिसला, याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. हे कबूल करायला मला तीन दिवस लागले. तोवर माझा नवरा, माझे दीर, गावातला टॉवर, भट्टीचा धूर आणि एक म्हैस, एवढ्यांवर रीतसर ठपका ठेवून झाला होता.

जाऊ म्हणजे शोभा. ती ईट गावी असते आणि घरामागच्या भट्टीवर खवा काढते. तिचा खवा दिवसाआड गाडीत बसून पुण्याला जातो आणि तिथं कुठल्या तरी मिठाईवाल्याच्या काचेमागं, कुठल्या तरी दुसऱ्याच नावानं विकला जातो. एकदा कढईत उलथणं फिरवता फिरवता ती मला म्हणाली होती, "माझा खवा इतक्यांदा पुण्याला गेला ताई, म्या एकदाबी गेले न्हाय."

त्यामुळं पुण्यात महिलांच्या मालाचं प्रदर्शन भरतंय आणि तिथं स्वतःच्या नावाच्या पाटीखाली बसून खवा विकता येईल, असं कळल्यावर शोभानं पहिला प्रश्न विचारला तो भाड्याचा नव्हता. "पाटीवर माझंच नाव टाकतेत ना, का ह्यांचं?" असा होता. अट एकच होती: खवा करतानाचा चार मिनिटांचा सलग व्हिडिओ पाठवायचा. त्यात स्वच्छता दिसली पाहिजे आणि खव्याचा दाणा दिसला पाहिजे. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

ही जबाबदारी मी घेतली. (मला कुणी दिली नव्हती.) मी धाराशिवला एका कार्यालयात आवक-जावक सांभाळते. कागद माझ्या टेबलावरून नोंद झाल्याशिवाय हलत नाही आणि घरात भाजी यादीशिवाय येत नाही. मी प्रवासाला निघताना न्यायच्या वस्तूंची यादी करते, परतताना आणायच्या वस्तूंची करते, आणि दोन्ही याद्या ठेवायच्या जागांची तिसरी करते. आमचे हे म्हणतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी नवरदेवाकडं टिक करायच्या नजरेनं पाहत होते. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

त्यातून मी नुकताच नवीन फोन घेतला होता. मागच्या बाजूला तीन भिंगं! शनिवारी सकाळी आम्ही ईटला पोचलो, तेव्हा शोभा ठेवणीतली हिरवी साडी नेसून, केस टोपीत घालून, कढई राखेनं लख्ख घासून तयार होती. ती भीतभीत म्हणाली, "ताई, माझ्या फोननं काढायचं का? सवयीचा हाय."

"तुझ्या फोनला एक डोळा," मी म्हणाले, "माझ्याला तीन आहेत."

शोभानं तिचा फोन कोनाड्यात ठेवून दिला. मी यादी वाचली: पहिलं, भिंग पुसणे. पुसलं, पदरानं, तिन्ही. दुसरं, उजेड. तिसरं, शोभाची टोपी. सगळ्यांपुढं टिक झाली आणि चित्रीकरण झालं. दूध आटत गेलं, उलथणं फिरत गेलं, शेवटी दाणेदार, पिवळसर खवा कढईतून सुटून आला. मी तो व्हिडिओ मेसेजच्या ॲपवरून समितीच्या मॅडमना पाठवला आणि यादीला शेवटची टिक केली.

तासाभरात उत्तर आलं. 'व्हिडिओ अस्पष्ट आहे. कढईत खवा आहे की चुना, हे समजत नाही. कृपया मुदतीत पुन्हा पाठवावा.'

शोभानं उत्तर दोनदा वाचलं. मग टोपी काढून खुंटीला अडकवली. ते मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी ताबडतोब वही काढली आणि चार रकाने आखले: दोष, जबाबदार व्यक्ती, उपाय, टिक. व्हिडिओ मोठा करून पाहिला. सगळ्यावर एक मऊ, दुधी पडदा होता. शोभाच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं, कढईभोवती प्रभावळ दिसत होती आणि दिव्याच्या जागी चांदणी फुटली होती. एखाद्या देवळाच्या कॅलेंडरवर शोभलं असतं. दाणा मात्र कुठंच नव्हता.

दोष पहिला: धूर. जबाबदार: भाऊजी. माझे दीर भट्टीत लाकडं सारतात, त्यांना मी जाळ निम्मा करायला सांगितला. ते म्हणाले, जाळ कमी केला तर खवा व्हायला वेळ लागंल. मी म्हणाले, लागू दे. वेळ इतका लागला की भाऊजींना बसल्या जागी डुलकी लागली, जाग आल्यावर त्यांनी घाबरून एकदम चार लाकडं सारली आणि खवा तळाला लागला. व्हिडिओ तसाच धूसर आला. फरक इतकाच, की आता चुना करपलेला होता.

दोष दुसरा: हात हलणे. जबाबदार: मी असू शकत नव्हते, म्हणून हे. फोन यांच्या हातात दिला होता ना! उपाय म्हणून फोन गोठ्याच्या खांबाला दोरीनं बांधला. चौथ्या मिनिटाला, खवा सुटायच्या ऐन वेळी, म्हशीनं त्याच खांबाला मान घासली. त्या व्हिडिओत भूकंपाची सुरुवात स्पष्ट दिसते. स्पष्ट म्हणजे, धूसर दिसते. म्हशीचं नाव मी जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात लिहिलं. (रकान्याचं शीर्षक बदलावं का, यावर थोडा विचार केला.)

रविवारी यांनी एक शोध लावला. म्हणाले, ही ॲपं व्हिडिओ जसाच्या तसा पाठवत नाहीत, पिळून पाठवतात, म्हणजे जागा कमी लागते. पिळताना बारीक सारीक तपशील गळून जातो.

"मग तुम्ही हे काल का नाही सांगितलं?"

"काल मी जबाबदार व्यक्ती होतो," हे म्हणाले.

न पिळता पाठवायचा असेल, तर व्हिडिओ कागदपत्र म्हणून जोडायचा असतो, हे त्यांनीच शोधून काढलं. कागदपत्र म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तो माझाच विषय! पण न पिळलेली फाईल अगडबंब, आणि घरात नेटवर्क म्हणाल तर एक काडी. मग मी, हे आणि भाऊजी गच्चीवर, तिथून पाण्याच्या टाकीवर. फोन वर धरून आळीपाळीनं उभे राहिलो. शेजारच्या काकूंनी खालून विचारलं, काय करायलाव ओ? भाऊजी म्हणाले, "खवा पाठवायलोत." काकूंनी बराच वेळ वर पाहिलं आणि आत निघून गेल्या.

पाऊण तासानं फाईल गेली. मॅडमचं उत्तर लगेच आलं. 'आता व्हिडिओ मोठा आला. तितकाच अस्पष्ट आहे.'

सोमवार उजाडला. मी कार्यालयात रजा कळवली (कारण: कौटुंबिक). वहीत दोषांचं दुसरं पान सुरू झालं होतं आणि मी 'फोन बनवणारी कंपनी' असं लिहीत होते. शोभा भट्टीवरून उठून माझ्याजवळ येऊन बसली.

"ताई, बघू जरा."

तिनं फोन उलटा केला. भिंगांवर अंगठा फिरवला. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, जसं ती खव्याचा दाणा बघताना चोळते. मग वास घेतला.

"तूप हाय," ती म्हणाली.

मी म्हणाले, असं कसं असेल, मी रोज पुसते, पहिल्या नंबरला आहे, टिक बघ.

तिनं पुन्हा वास घेतला. "आन् आमच्या म्हशीचं न्हाय. गाईचं हाय."

गाईचं तूप ईटच्या घरात नव्हतं. ते धाराशिवला आमच्या घरी होतं, निरांजनासाठी. मी वहीची मागची पानं उलटली. मी सगळं लिहून ठेवते हे आजवर माझ्या फायद्याचं वाटत आलं होतं. 'खंडेनवमी, यंत्रांची पूजा' या मथळ्याखाली माझ्याच अक्षरात ओळ होती: मिक्सर, टिक. शिलाई मशीन, टिक. स्कूटर, टिक. नवीन फोन: गंध, हळद-कुंकू, औक्षण, टिक.

आणि मला सगळं आठवलं. निरांजनाची वात पुढं सारून त्याच तुपाच्या बोटानं मी फोनला गंध लावलं होतं. नेमकं कुठं लावावं, असा प्रश्न पडला होता. मग म्हटलं, याला डोळे आहेत की मागं, तिथंच लावू. एकाला लावून दोघांवर अन्याय नको, म्हणून तिन्हींना लावलं. पुढं गंध पुसलं, पण तूप राहिलं. आणि त्यानंतर दर वेळी यादीतल्या पहिल्या कलमानुसार मी ते पदरानं तिन्ही भिंगांवर समप्रमाणात पसरवत आले होते.

भाऊजींनी वर पाहिलं नाही. लाकडं सारत राहिले. पण त्यांचे खांदे हलत होते. आमच्या ह्यांनी गंभीरपणे विचारलं, "मिक्सर चालतोय ना गं?"

शोभा मात्र हसली नाही. चार वाजत आले होते. तिनं दूध गाळायचं धुतलेलं फडकं कोमट पाण्यात बुडवून, घट्ट पिळून भिंगं पुसली. मग कोरड्या कोपऱ्यानं पुन्हा. (पिळण्याचा चांगला उपयोगही असतो, हे मला तेव्हा कळलं.) खुंटीवरची टोपी घातली आणि कढईपुढं बसली. दूध भाऊजींनी आधीच आटवत आणलं होतं.

या वेळी फोनमध्ये शोभाच्या नाकावरचा घाम दिसला. कढईची कड दिसली. आणि खवा सुटून आला तेव्हा दाणा न् दाणा असा दिसला, की मोजून वहीत उतरवावा.

मी आनंदानं तो लगेच पाठवला. साधाच. पिळून.

"ताई!" तीन दिवसांत शोभा एवढी एकदाच ओरडली. माझ्या हातातून फोन घेऊन, साडी खोचून ती टाकीवर चढली, आणि कागदपत्र म्हणून तो स्वतः पाठवून, फाईल पोचेपर्यंत तिथंच हात वर करून उभी राहिली. पाचला चार मिनिटं कमी असताना खाली उतरली.

मॅडमचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'व्हिडिओ स्पष्ट आहे, खवा उत्तम. आपली निवड झाली आहे. पाटीवर टाकायचे नाव कळवावे. ता.क. व्हिडिओत मागे एक बाई सतत सूचना देत आहेत. त्या प्रदर्शनाला येणार असल्यास आधी कळवावे.'

शोभानं पाटीसाठी स्वतःचं पूर्ण नाव कळवलं. मी लागलीच पुण्याला न्यायच्या सामानाची यादी केली: काटा, द्रोण, झाकणाचे डबे, टोप्या, असे एकवीस जिन्नस, आणि ती वही तिच्याकडं पाठवली. परत आली तेव्हा खाली शोभाच्या अक्षरात एक ओळ वाढवलेली होती: '२३. ताईंच्या हाती फोन देऊ नये.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग तेवीसचे बावीस केले, आणि पुढं टिक केली.