बँड उशिरा आला, पण वाजवत आला

स्वारगेटहून एसटी सुटली तेव्हा गाडीत बसायला जागा नव्हती आणि उभं राहायलाही नव्हती. तरी कंडक्टर मात्र "पुढं सरका, पुढं मोकळंच हाय" म्हणत माणसं आत कोंबत होता. चैत्रात वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्यांची हीच तऱ्हा असते. गावोगावच्या जत्रा एकाच सुमाराला येतात आणि निम्मं पुणं आपापल्या गावी निघतं. मला स्वतःचं गाव नाही. आमच्या तीन पिढ्या पुण्याच्या पेठेत गेल्या, म्हणून मी दर वर्षी कुणाचं तरी गाव उसनं घेते. या वर्षी शांताचं घेतलं.

शांता आणि मी एकाच ऑफिसात टंकलेखनाचं काम करतो. तिचं माहेर वेल्ह्याच्या अलीकडे, कानंदी नदीच्या काठाशी. गावाचं नाव लिहायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. "लिहिलंस तर पुढच्या वर्षी समदं ऑफिस येईल आणि भाकऱ्या मला थापाव्या लागतील," असं ती म्हणाली. तिचं म्हणणं रास्त आहे.

आमच्याच गाडीत कॉलेजची पाच-सहा पोरं होती. कानांवर केस, पायाशी घेरदार पँटी. त्या घेरात नसरापूरपर्यंतची सगळी धूळ भरून आली होती. शेजारच्या आजीबाईंनी त्यांतल्या एकाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाळा, आई न्हाई व्हय रं तुला? केस कोन कापत न्हाई?" पोरगा लाजून म्हणाला, "फॅशन आहे आजी." ही पोरं जत्रेला का चालली होती, तर गावच्या तरुण मंडळाने यंदा जत्रेत तमाशाऐवजी पुण्याचा बँड ठरवला होता. गिटार, ड्रम आणि इंग्रजी 'रॉक' गाणी! आणि त्या बँडमध्ये ड्रम वाजवणारा अशोक हा शांताचा धाकटा भाऊ.

नसरापूरला उतरून आम्ही गरम भजी खाल्ली, चहा प्यालो आणि दुसरी गाडी धरली. पुढे रस्ता दोन्ही बाजूंनी डोंगर घेऊन चालतो. भात निघून गेलेली खाचरं कोरडी पडली होती. करवंदीच्या जाळ्या मात्र हिरव्यागार होत्या आणि तोरणा इतका जवळ दिसत होता की हात लांबवावा. फाट्यावर उतरून गावाकडे चालताना शांता एकदम गप्प झाली. बडबडी शांता गप्प झाली की मला भीती वाटते.

"काय झालं?" मी विचारलं.

मग तिनं सांगितलं. या गावची रीत अशी, की जत्रेत कला दाखवायला जो कुणी येईल, तमासगीर असो, पैलवान असो, त्याला शिवेवरून (गावाच्या हद्दीवरून) वाजवत आणायचं. पूर्वी हे वाजवण्याचं काम शांताच्या घराण्याकडे होतं. काम कसलं, सक्तीच होती. तिचे वडील नाना हलगी असे वाजवायचे की बैलसुद्धा कान टवकारायचे. पण घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि त्याच दिवशी नानांनी हलगी ओढ्यात सोडून दिली. पुन्हा कधी हात लावला नाही. तेव्हापासून गाव बाहेरचे वाजंत्री आणतं.

"आणि आता नाना म्हणतात," शांता म्हणाली, "अशोकला वाजवत आणलं तरच मी जत्रेत पाऊल टाकीन. नाहीतर पोराचा बँडही ऐकणार नाही. अशोकनं आजवर नानांसमोर एकदाही वाजवलेलं नाही गं. त्याचा सगळा जीव त्यात आहे."

"मग आणतील की वाजवत. रीतच आहे ना?"

तिनं मला सरळ सरपंचांकडे नेलं. आबा म्हणजे पांढरा फेटा, भरघोस मिशा आणि तोंडात साखर. शांतानं विचारलं, "आबा, वाजंत्री जातील ना शिवेवर?"

"अगं पोरी," आबा हसले, "अशोक का परका हाय? आपल्याच गावचा. घरच्याला कुनी वाजवत आनतं व्हय? त्यातनं वाजंत्री पालखीला ठरलेत, त्यांस्नी आत्ता कशाला दमवायचं?"

इतकं गोड 'नाही' मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भांडायला जागाच ठेवली नाही माणसानं.

घरी नाना ओट्यावर बसले होते. उंच, वाळकी अंगलट, मांडीवर ठेवलेले लांब हात. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिला ताज्या चाफ्याचा हार. शांताच्या आईनं तांदळाची भाकरी आणि कोंबडीचा असा काही रस्सा वाढला की माझ्या नाकातून पाणी आलं आणि तरी मी आणखी मागितला. आबांचं उत्तर ऐकून नाना एवढंच म्हणाले, "घरचा म्हनत्यात व्हय? आमी पिढ्यान्‌पिढ्या समद्यांना वाजवत आनलं. आमच्यातल्या कुनाला आजवर कुनी वाजवत आनलं न्हाई. तुमी जा पोरींनो. म्या हितंच बरा."

माझ्या तोंडची चवच गेली. पण उन्हं कलायच्या आत कार्यक्रम सुरू होणार होता, म्हणून आम्ही दोघी मैदानावर गेलो.

मैदान म्हणजे देवळामागचं मोकळं खाचर. एका कडेला फळ्यांचं स्टेज, त्यावर पताका, शेजारी धडधडणारा जनरेटर. बैलगाड्या सोडलेल्या, रेवड्यांचे ढीग, शेव, भिंगऱ्या, पिपाण्या. सगळा मुलूख तिथे लोटला होता. नव्हता तो फक्त बँड.

लाउडस्पीकरवाल्यानं पुकारलं, "पार्टी कापूरहोळपातुर आलेली हाय, शांतता राखावी." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बऱ्याच वेळानं तो पुन्हा म्हणाला, "पार्टी नसरापूरला च्या पीत हाय." लोकांनी जरा कमी टाळ्या वाजवल्या. आणखी बराच वेळ गेला. "पार्टी अजून च्या पीत हाय," त्यानं सांगितलं. तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, किती च्या पिती ती पार्टी? दुभती म्हस बांधलीया का तिथं?" मैदान खो खो हसलं. त्या बिचाऱ्याला खरं काहीच ठाऊक नव्हतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळत होतं.

याच सुमारास एक पैलवान माझ्या छत्रीवर बसला. मी ती शेजारी आडवी ठेवली होती. तो उठला तेव्हा छत्रीच्या काड्या चारी दिशांना गेल्या होत्या आणि दांडा वाकला होता. "बाई, लागलं का?" त्यानं फार मायेनं विचारलं. मला वाटतं, त्यानं छत्रीलाच विचारलं.

पुण्याच्या केसाळ पोरांचा धीर सुटला. त्यांनी टाळ्या धरल्या, एक मोठी आणि दोन छोट्या, त्यांच्या बँडच्या नावाचा पुकारा करत. आजूबाजूच्या म्हाताऱ्यांना हे भजन वाटलं. त्यांनीही धरल्या. पोरांनी पाय आपटले, म्हाताऱ्यांनी काठ्या आपटल्या. कुणी पाण्याचं पिंप बडवू लागलं, कुणी घमेलं. गाडीतल्या आजीबाई परातीवर कालथा मारत होत्या. चहावाल्यानं तर किटली वाजवता वाजवता चहा विकणं बंद केलं. मी चिडून आले होते, पण किती वेळ चिडणार? मीही छत्रीच्या वाकड्या दांड्यानं एका पत्र्यावर ताल धरला. ऑफिसात दिवसभर बडवतेच, पण तिथे इतकी मजा येत नाही.

आबा मात्र अस्वस्थ झाले. गावची अब्रू जायला निघाली होती. ते स्टेजवर चढले, ओरडले, कुणी ऐकेना. शेवटी त्यांनी रॉकेलचा एक रिकामा डबा उचलला आणि लोकांना गप्प करण्यासाठी काठीनं जोरात तीनदा ठोकला. एक मोठा, दोन छोटे.

सगळ्या मैदानानं ते तीन ठोके उचलले! आबांनी रागानं पुन्हा ठोकला. मैदानानं पुन्हा उचलला. आबा थबकले. त्यांनी हळूच वेगळे चार ठोके मारून पाहिले. पाच-सहाशे माणसांनी चार ठोके परत दिले. आबांच्या मिशीखाली हसू फुटलेलं मी स्वतः पाहिलं. त्यांनी डब्याला सुतळी ओवून घेतली, तो गळ्यात अडकवला आणि मग काय विचारता! माणूस साठीचा, पण अंगात सोळावं लागलं.

इतक्यात एक सायकलवाला धापा टाकत आला. खरी बातमी त्याच्याकडे होती. बँडचा टेम्पो नसरापूरचा फाटा चुकून कापूरहोळला गेला होता. तिथे ड्रायव्हरनं विचारलं, "जत्रा कुठं हाय?" लोकांनी प्रामाणिकपणे भोर रस्त्याकडे बोट दाखवलं, कारण जत्रा तिकडेही होती. तिकडच्या गावानं टेम्पो पाहिला, पाहुणे आले म्हणून हार घातले, पंगतीला बसवलं आणि गाणी म्हणायला उभं केलं. तीन गाणी झाल्यावर कुणीतरी विचारलं, यांना ठरवलं कुणी? ठरवलं कुणीच नव्हतं. पण "आता आलात तर आनखी दोन म्हना, तवा जा," असं ठरलं.

"आमची पार्टी पळवली!" मैदानावर एकच गर्जना झाली. घटकाभरापूर्वी बँडला शिव्या घालणारे आता त्याच्यासाठी भोरकडे चालून जायला निघाले. आजीबाई म्हणाल्या, "आमच्या अशोकला अडकवून ठिवलं त्यांनी? बगतेच म्या!" या आजींना तासाभरापूर्वी अशोक कोण हे आठवत नव्हतं.

शांतानं माझा हात घट्ट धरला. "सुमन, ऐकलंस? 'आमच्या अशोकला' म्हणाल्या त्या," ती म्हणाली.

सूर्य तोरण्याच्या खांद्यावर टेकला आणि शिवेकडून हॉर्न ऐकू आला. मग जे झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. सगळं मैदान उठून पळत सुटलं, हातात जे होतं ते वाजवत. पिंपं, घमेली, पराती, पत्रे, मधे ती केसाळ पोरं आणि सगळ्यांच्या पुढे फेटा सुटलेले आबा, गळ्यात डबा. मी एका हातानं पदर आणि दुसऱ्या हातानं छत्री सांभाळत पळाले. एक चप्पल नाल्यात गेली. ती अजून तिथेच असेल.

टेम्पोच्या टपावर अशोक बसला होता, ड्रमला मिठी मारून. नानांसारखेच लांब हात. एवढे लोक बडवत धावून येताहेत म्हटल्यावर त्याला वाटलं, उशीर झाला म्हणून मारायलाच येताहेत. तो टपावरून ओरडला, "आबा, चूक झाली, ड्रायव्हर चुकला!" पण कुणीतरी त्याच्यावर गुलाल उधळला आणि टेम्पो माणसांच्या लोंढ्यात गावाकडे वळला. पुढे डबा, मागे परात, मधे अशोक.

शांता धावत आबांच्या बरोबरीला गेली. "आबा!" ती ओरडली. "वाजवत आणताय की अशोकला!"

आबांनी गळ्यातल्या डब्याकडे पाहिलं. मग टपावरच्या अशोककडे पाहिलं. क्षणभर काठी हवेत थांबली.

"आता गळ्यातच हाय म्हटल्यावर," आबा म्हणाले, "वाजवायलाच पायजे." आणि त्यांनी असा दणका दिला की डब्याला पोचा आला.

मिरवणूक शांताच्या घरावरून गेली. नाना ओट्यावर उभे होते. आबा त्यांच्यासमोर थांबले, तसे सगळेच थांबले, पण वाजवणं थांबलं नाही. नानांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ओठ हलले आणि शेवटी ते पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, पायात वहाणा सरकवल्या आणि आमच्याबरोबर चालू लागले. कुणीतरी त्यांच्या हाती घमेलं देऊ केलं. त्यांनी मान हलवली आणि हात मागे बांधले.

बँड वाजला. गाणी इंग्रजी होती, शब्द कुणालाच कळले नाहीत. गिटारवाल्याचा आवाज भोर रस्त्यावरच बसला होता. पण अशोकनं जेव्हा एकट्यानं ड्रम धरला, तेव्हा गावातलं कुणी जागचं हललं नाही. नाना अगदी पुढे, खुर्चीवर बसले होते. खुर्ची आबांची होती. आबांना बसवतच नव्हतं, ते शेजारी उभे राहून डुलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आम्हाला फाट्यावर सोडायला आले. मी शांताच्या आईच्या वहाणा घालून चालत होते. एसटी दिसली तेव्हा मी विचारलं, "नाना, काल कसं वाटलं?"

"पोरगं ग्वाड वाजवतं," नाना म्हणाले. मग रस्त्याकडे बघत हसले. "पर आबा लई बेताल हाय गं. शिकंल हळूहळू. आमाला तरी कुठं एका दिसात आलं हुतं?"

गाडीत या वेळी बसायला जागा मिळाली. शांता माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नसरापूरपर्यंत झोपली आणि मी खिडकीतून डोंगर बघत एकटीच हसत राहिले. ऑफिसात सगळे विचारतात, बँड कसा झाला? मला त्यातलं एक गाणं आठवत नाही. पण वेळेवर आला असता तर काय काय झालं नसतं, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. एरवी कुणी पाच मिनिटं उशिरा आलं की मी घड्याळ दाखवते. हल्ली दाखवत नाही.

छत्री दुरुस्तीला टाकलेली नाही. पुढच्या चैत्रात ती तशीच न्यायची आहे. दांडा वाकडा असला, तरी शिवेवर जाऊन वाजवायला पुरतो.