लिंबांच्या आधी मान्यवर

सरबताचा पेला समोर आला की मी आजही ॲसिडिटीचं निमित्त सांगतो. घरचे हसतात, कारण खरं कारण त्यांना पाठ आहे. कुजक्या लिंबाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. वर हिरवट-राखाडी बुरशी, बोट लागलं की फुटणारी साल आणि आतून ओघळणारं ते चिकट पाणी! शिसारी येते. असा लिंबांचा अख्खा ढीग मी एका वेबपेजने कुजवला आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीगोंद्यात माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. तालुक्यातला पहिला वेब डिझायनर, असं मी स्वतःला म्हणवून घ्यायचो. दुसरा कुणी नव्हताच, त्यामुळे कुणी हरकत घेत नसे.

मामांच्या बागेत त्या साली लिंबू चांगलं धरलं होतं. वाशीचा एक व्यापारी म्हणाला, "इंटरनेटवर माल दाखवा, पटला तर गाडी पाठवतो." मामांनी मला पान करायला बसवलं आणि त्याच दिवशी लिंबांचा तोडाही घेतला, सगळा माल झाडावरून उतरवला. मामी म्हणाल्या, "अहो, गाडीचं ठरू तर द्या." मामा म्हणाले, "भाचा कॉम्प्युटरवाला हाय. ठरलंच समज."

पान केलं ते लग्नपत्रिकेसारखं. आधी मान्यवर, मग माल. चेअरमन, सरपंच, निवृत्त हेडमास्तर, मामांचे साडू, सगळ्यांचे सत्कारातले हार घातलेले फोटो. एकाला वगळलं असतं तर मामांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. लिंबं पार तळाशी गेली. म्हणून मी वर एक लिंक दिली, 'लिंबं पाहा'. ती दाबली की पान थेट तळाशी उडी मारायचं.

मामा भडकले. "ही काय रीत झाली? पंगतीत मोठ्यांच्या ताटावरनं उडी मारून वाढतो व्हय तू? त्यांच्या समोरनं जाऊ दे की जरा दमानं!"

मग मी दोन रात्री जागून पान हळूहळू सरकवायचा प्रोग्रॅम लिहिला. लिंक दाबली की एकेक मान्यवर मिरवणुकीत असल्यासारखा वर सरकत जायचा आणि शेवटी लिंबं यायची. मामांनी स्क्रीनला हात जोडले. मी असा काही फुगलो की सांगता सोय नाही.

पडद्यावर लिंबं आली. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पानाचा पत्ता मी उचलला आणि व्यापाऱ्याला ईमेल केला. चूक झाली ती इथंच. साध्या लिंकने उडी मारली की पत्त्याच्या शेवटी हॅशची खूण आणि त्या जागेचं नाव आपोआप लागतं. तो पत्ता उघडणारा मग थेट त्याच जागी उतरतो. मी मिरवणुकीपायी लिंकची उडीच बंद केली होती आणि उडीबरोबर ते नाव लागणंही बंद झालं होतं. पान लिंबांपाशी पोचलं, पत्ता वेशीवरच उभा. आणि मी पट्टीकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

आठ दिवस गाडी आली नाही. आम्ही एसटीडी बूथवरून फोन लावला.

"अहो, नेट एवढं हळू, लिंक दाबली तरी एकेक हारवाला माणूस उघडत होता," व्यापारी म्हणाला. "मला आधी वाटलं श्रद्धांजलीचं पान आहे. सातव्या माणसाला बंद केलं. तुम्ही लिंबं विकता का माणसं? मी माल दुसरीकडून उचलला."

मामांनी फोन ठेवला आणि व्यापाऱ्याचा सात पिढ्यांचा उद्धार केला. चूक माझी आहे हे कळूनही मी शेजारी उभा राहून मान डोलावली. कुजक्या लिंबांपेक्षा त्या डोलावण्याची मला जास्त किळस येते.

घरी येऊन दुरुस्ती केली. फक्त एका ओळीची! पत्त्याला नाव लावणारी ती ओळ आधी मी सरकणं सुरू होण्याअगोदर घातली, तर पान धाडकन तळाशी, मान्यवर गायब. मग ती सरकणं संपल्यावर घातली. मिरवणूक थांबली आणि पत्त्याला गुपचूप नाव लागलं. नवा पत्ता पाठवला. व्यापाऱ्याचं उत्तर आलं, "आता लिंबं लगेच दिसली. छान आहेत. पुढच्या बहराला बघू."

माल तोवर ताडपत्रीखाली होता. मामांनी तो नगरच्या बाजारात न्यायचं साफ नाकारलं होतं, का तर "वाशीचा माल हाय." ताडपत्री उचलली तेव्हा आतून गरम वाफ आली आणि तिच्याबरोबर चिलटांचा ढग. मामी आणि मी निवडायला बसलो. हात घालावा तिथं लगदा. मनगटापर्यंत चिकट ओघळ, नखांत बुरशी. मी दोनदा बांधावर जाऊन ओकून आलो. मामींनी पदर नाकाला लावला होता, पण हात थांबला नव्हता. वर्षभर बाग त्यांनीच राखली होती.

शेवटी मी त्यांना सगळं सांगून टाकलं, ती एक ओळसुद्धा. हातातला लगदा पाटीत टाकत त्यांनी विचारलं,

"तुझ्या त्या पानावरची लिंबं अजून चांगली हायेत का रं?"

"हो, मामी."

"मग औंदाचं लोणचं त्याचंच घाल," त्या म्हणाल्या आणि लगद्याची पाटी माझ्या डोक्यावर दिली.