नणंद-भावजयीचा कॅरम

खून, दरोडे, घरफोड्या असे बरेच काही माझ्या सेवेत येऊन गेले आणि त्यातले पुष्कळसे आता पुसट झाले आहे. पण कर्वेनगरच्या एका बाईंनी दिलेली कॅरमची तक्रार मात्र अजून जशीच्या तशी लक्षात आहे. ती आठवली की मी एकटाच हसत बसतो.

माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. सकाळची हजेरी आटोपली आणि ठाणे अंमलदार केबिनमध्ये आला. "साहेब, एक बाई आल्यात. मोबाइलवरच्या खेळात नणंद चोर म्हणाली, म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल करा म्हणतात." त्याला हसू आवरत नव्हते. मी म्हटले, "त्यांना आत पाठव आणि तुझे दातही आत घे."

बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. मागून पिशवी सांभाळत त्यांचे यजमान आले आणि कडेच्या खुर्चीत बसले. बाईंची हकिकत अशी होती. नणंद वारज्याला राहते. तिचे गुडघे गेल्यापासून येणेजाणे थांबले, तेव्हा दोघींनी मोबाइलवर ऑनलाइन कॅरम सुरू केला. रोज दुपारचा चहा झाला की ही इथून आणि ती तिथून. इतकी वर्षे बाई बहुतेक हरायच्या. हल्ली त्या सारख्या जिंकू लागल्या, आणि नणंदेने नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले, 'वहिनी खेळात चोरी करतात.'

"पुढच्या आठवड्यात तिच्या नातीचा साखरपुडा आहे," बाई म्हणाल्या. "चोर म्हणवून घेऊन मी तो उंबरठा चढणार नाही. चाळीस वर्षं शाळेत कॉपी पकडली हो मी!"

हा प्रकार अदखलपात्र आहे, नोंद करू, पण कुणाला उचलून आणता येणार नाही, असे मी समजावले.

"उचलून आणा असं म्हटलंय का मी? तिचे गुडघे दुखतात. मला फक्त लेखी माफी हवी."

ज्याच्यावर राग आहे त्याच्या गुडघ्यांची काळजी करणारा फिर्यादी मला तोवर भेटला नव्हता.

दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, हा माझा शिरस्ता. बाहेर जाऊन मी नणंदेला फोन लावला. ती ठाम होती. "साहेब, वहिनींचा हात मी ओळखते. समोरची सोंगटी जायची मारामार, आणि आता दोन कडांना आपटून भोकात घालतात! रागात लिहिलं खरं, तेवढं चुकलं. पण एक सांगू? आमचा दादा एरवी आमच्या प्रत्येक भांडणात मध्यस्थी करतो. या वेळी मात्र तोंड उघडत नाही. त्याला जरा विचारा."

खबर म्हणून हे एक वाक्य मला पुरेसे होते. परत आलो तर बाई आमच्या महिला हवालदाराला आव्हान देत होत्या. "तुम्हीही खेळता ना हा खेळ? द्या इकडे, खेळूनच दाखवते." हवालदाराने आपला मोबाइल दिला. बाईंनी नेम धरला आणि थबकल्या.

"तुमच्यात रेषा एवढीशीच कशी?"

"नेमाची रेषा तेवढीच असते, काकू. पुढचा अंदाज आपला आपण घ्यायचा."

"छे! माझी थेट भोकापर्यंत जाते. आधी मलाही एवढीच दिसायची. मोतीबिंदू काढला, तेव्हापासून पुढची दिसायला लागली."

मी यजमानांकडे पाहिले. ते चष्मा पुसत होते, आणि आधीच स्वच्छ असलेला चष्मा माणूस कधी पुसतो हे मला नोकरीने शिकवले होते.

"काका, चला, चहा घेऊ," म्हणून मी त्यांना आवारात नेले. जप्त केलेल्या मोटारसायकलींपाशी उभे राहून एवढेच विचारले, "कधी टाकलंत ते मोबाइलमध्ये?"

अट्टल गुन्हेगार चार दिवस घेतात. काकांनी चहाचा घोटही घेतला नाही. "ऑपरेशननंतर. ती रोज हरायची साहेब. एक दिवस म्हणाली, आता हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, बंद करते. पेटी वाजवणं बंद केलं, भिशी सोडली, तेव्हाही असंच म्हणाली होती. मला भीती वाटली. नारायण पेठेत मोबाइलच्या दुकानात विचारलं, त्यानं मूळ खेळ काढून हा रेषा वाढवलेला टाकून दिला." मग त्यांनी हात जोडले. "जिंकली की ती गुणगुणते हो. तिला सांगू नका."

माझा जीव कळवळला, पण मी नाही म्हटले. "तुमची बहीण खरं बोलून खोटी ठरते आहे. आत जाऊन तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगतो."

त्यांनी सांगितले. उभे राहून, शाळेतल्या मुलासारखे. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी आपला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे एकही डाव माझा नव्हता," त्या म्हणाल्या. "अहो, हरत होते तर हरू द्यायचं होतं ना मला."

मग बाईंनी डोळे टिपले, नणंदेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वन्सं, तुमचंच बरोबर होतं. चोर सापडला. तो माझ्या घरात राहतो, पण माल तुमच्या माहेरचा आहे!"

पलीकडून असे हसू फुटले की बाहेरचा अंमलदार डोकावला. हसता हसता ती रडायला लागली, मग इकडे याही. नोंद करायला काही उरलेच नाही. हवालदाराने बाईंच्या मोबाइलमधला तो खेळ काढून मूळ खेळ टाकून दिला.

फसवणूक दिसली की फायदा कुणाचा ते आधी शोध, असे मला वरिष्ठांनी शिकवले होते आणि मीही तेच पुढे शिकवले. इथे आरोपीच्या पदरात बायकोच्या गुणगुणण्यापलीकडे काही पडले नव्हते. तरी त्याच मायेपोटी एक बाई चोर ठरली आणि दुसरी खोटारडी. माणसाला त्याची हारसुद्धा त्याची स्वतःची असावी लागते, ती आपण परस्पर काढून घेऊ नये, हे मला त्या दिवशी कळले. घरी मी बायकोची शब्दकोडी गुपचूप सोडवून ठेवायचो, तेही बंद केले.

साखरपुडा झाल्यावर बाईंचा फोन आला. मी खेळाचे विचारले.

"रोज हरते आहे, साहेब. पण आज राणी घेतली." मग त्या म्हणाल्या, "माझी मी."