रिकामी तिरीप

गॅरेजच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप थेट आमच्या ह्यांच्या टेबलावरच्या गोल करवतीवर पडते. हे फळी कापायला लागले की त्या उजेडात भुशाचे कण नाचू लागत. आज करवत चालू होती आणि तिरीप रिकामी होती.

काल लेकीने करवतीखाली प्लायवुडची पेटी ठोकली, फटी चिकटपट्टीने बुजवल्या आणि व्हॅक्यूमची नळी जोडली. डॉक्टरांनी ह्यांना बजावलंय, खोकला थांबला नाही तर करवत बंद.

"आई, खाली पडतो तो भुसा गरीब गं," लेक म्हणाली, "तरंगतो तो छातीत जातो."

तेव्हाची तिशीतली मी म्हणजे केवढी हुशार बाई! अंगणात पापड वाळत घातले की माझं फर्मान सुटे, "अहो, दार लावून कापा, पापडांवर भुसा येतोय!" हे बिचारे दार लावून घेत. माझ्या पापडांत कधी कण सापडला नाही, हे मी आळीभर मिरवलं. मग तो भुसा गेला कुठे, हे त्या शहाणीला कधी विचारावंसं वाटलं नाही.

करवत थांबली. ह्यांनी एक मोठा श्वास घेतला. मी कान देऊन उबळीची वाट बघत राहिले. ती आली नाही.

"काय गं, काही हवंय?"

"काही नको," मी म्हटलं, "अजून एक फळी कापा की."