दात पडल्यावरचा रियाज

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. गोंदियाच्या एका लग्नाच्या बँडमध्ये मी क्लॅरोनेट वाजवायचो. चाळिशी कधीच उलटली होती. कोहमाऱ्याच्या एका वरातीत उंच सूर लावला आणि वरचा पुढचा दात हलला. क्लॅरोनेटचं तोंड त्याच दातांवर टेकवून धरायचं असतं. आधार सुटला की हवा निसटते, सूर फाटतो. मी घाबरून फुंक आवरती घेतली.

माझ्या बाजूने एक म्हातारा डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालत होता. एके काळी तोच या बँडचा क्लॅरोनेटवाला, माझा गुरू. दात गेले, वाजवणं सुटलं, आणि आता तो वरातीला उजेड दाखवायचा. मान न वळवता तो हळूच म्हणाला, "हवा जाऊन राहिली तुही."

त्या दिवसापासून जेवताना जीभ सारखी त्या दाताकडे जायची. सकाळचा रियाज मी टाळू लागलो. वाद्य पुसायचो आणि पेटीत ठेवून द्यायचो. बायकोने विचारलं, "कायले भेऊन राहिले जी?" मी पेटीची कडी लावली. तिच्याकडे पाहिलं की मला माझ्याच डोक्यावर ती बत्ती दिसायची.

पावसाळ्यात दात पडला. मी कुडव्याला गुरूच्या घरी गेलो. तो अंगणात दोरी वळत बसला होता. दात गेल्यावर काय केलं, असं मी विचारलं.

"तेच वाजवत राह्यलो," तो म्हणाला. "त्याच जोरानं. तोंड बदललं, मी नाही बदललो. म्हणून सुटलं."

घरी येऊन मी पेटी उघडली. वर्षानुवर्षं घोटलेले पलटे वाजवून पाहिले, एकही धड निघेना. मग दोन्ही ओठ आत दुमडून पाहिले. ओठ सोलून निघाले. वरचे सूर आलेच नाहीत, पण खालचे आले, दमट आणि जाड. बायको बाहेर धान पाखडत रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं गाणं गुणगुणत होती. मी त्याच खालच्या सुरांत तिच्यामागे जाऊ लागलो. दुसऱ्या दिवशी तेच गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे वाजवलं. नंतर तांदळाच्या गिरणीची घरघर वाजवून पाहिली. एखाद्या दिवशी नवं काही शोधलं नाही की बत्ती डोळ्यांपुढे यायची. भीतीच मला रियाजाला बसवायची.

लग्नसराईत बँडच्या मालकाला मी काही सांगितलं नाही. पहिल्याच लग्नात नवरी निघताना ते रोवण्याचं गाणं खाली, सावकाश वाजवलं. बायका रडायच्या थांबून ऐकू लागल्या. मालक जवळ येऊन म्हणाला, "बिदाई में अब यही बजाना." वरातीच्या नाचाची गाणी मात्र त्याने दुसऱ्या पोराकडे दिली. ते मला लागलं, पण बँडमध्ये माझी जागा राहिली.

गुरू बत्तीखाली उभा राहून ऐकत होता. नंतर एवढंच म्हणाला, "मले हे सुचलंच नाही."

उन्हाळा सरता सरता शेजारचा दात हलू लागला. सकाळी बत्ती पुन्हा डोळ्यांपुढे आली, आणि मी वाद्य हातात घेतलं. त्या दिवशी ओठ आणखी आत घेऊन कसं वाजतं, ते पाहत बसलो.