मार्गारिटा म्हणजे फूल

परवा हॉटेलात शेजारच्या टेबलावर कडेला मीठ लावलेला ग्लास आला आणि मला लातूरची आमची खोली आठवली. भूकंपात भिंतींना पडलेल्या भेगा नुसत्या बुजवल्या होत्या, आणि तिथं मी आणि माझी एक मैत्रीण मेडिकलच्या कोचिंगसाठी राहायचो. तिचा भाऊ हैदराबादला बारमध्ये कामाला होता. त्याचं ऐकून ती सांगायची, मार्गारिटा नावाचं कॉकटेल असतं, त्याच्या ग्लासाच्या कडेला मीठ लावतात. कुणी म्हणतं ते नटीचं नाव, कुणी म्हणतं बारवाल्याच्या प्रेयसीचं, आणि स्पॅनिशमध्ये तर ते एक फूल. मला फूलच आवडलं. मग ती मला त्याच नावानं हाक मारू लागली. एकदा घरमालकीणबाईंनी ते ऐकलं. "हे कसलं नाव गं?" मी काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, "दारूचं हाय काकू. हीच म्हणती, मला तसं म्हण." बाईंनी आमच्या घरी कळवलं. दुसऱ्या दिवशी वडील आले आणि त्यांनी माझी गादी गुंडाळली. गावाला, बिलोलीला जाताना एसटीत त्यांनी एवढंच विचारलं, "कशाचं नाव हाय ते?" "फुलाचं," मी म्हणाले. माझं कोचिंग तिथंच सुटलं. मैत्रीण डॉक्टर झाली. अजून लग्नाकार्यात भेटली की ती गळ्यात पडते, आणि तिच्या पाठीवर हात ठेवणं मला काही जमत नाही.